खलनायकाचे सहा दात

दुष्टपणा माणसाच्या आत्म्याच्या तळातून येतो; तो शिकवता येत नाही आणि उसनाही आणता येत नाही. हे वाक्य माझं नाही. चाळीस वर्षं पडद्यावर दुष्टपणा करून पोट भरलेल्या एका ब्रिटिश नटाचं आहे. एका मुलाखतीत, डोळे मिटून, ते असं म्हणाले. इतरांच्या आत्म्याचं मला माहीत नाही. यांचा दुष्टपणा मात्र वरच्या मधल्या दोन दातांच्या फटीतून यायचा. फट साधारण दीड मिलिमीटरची होती. ती मी पाडली होती.

एका सोमवारी ते माझ्या खुर्चीत आडवे झाले आणि म्हणाले, "डॉक्टर, लोक माझ्यावर विश्वास ठेवायला लागलेत. काहीतरी करा."

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे. म्हणजे पडलेल्या, तुटलेल्या, झिजलेल्या दातांच्या जागी नवे बसवणारी. कॅप, ब्रिज, कवळी. नागपूरला शिकले, इथे अमेरिकेत येऊन तेच सगळं पुन्हा शिकले आणि गेली बावीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात प्रॅक्टिस करते आहे. पेशंट बहुतेक आसपासच्या आयटी आणि फार्मा कंपन्यांतले. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या: दुखतो, हलतो, पिवळा दिसतो. 'प्रामाणिक दिसतो' ही तक्रार चार्टवर पहिल्यांदाच लिहिली.

नाव घालायचं नाही या अटीवर त्यांनी हे लिहायची परवानगी दिली आहे. आपण त्यांना सर नायजेल म्हणू. 'सर' ही पदवी त्यांना मिळालेली नाही. चेहरा मात्र ती मिळाल्यासारखा वागतो.

नाट्यशाळेत तलवारबाजी शिकताना त्यांच्या तोंडावर तलवारीची मूठ बसली. पुढचे दोन दात फिरले, मध्ये फट पडली, पुढे चहाने रंगही चढवला. अशा दातांचा नायक होत नाही. पण अमेरिकेने त्यांना उचललं. जगावर राज्य करू पाहणारा माणूस ब्रिटिश उच्चारातच बोलतो अशी इथल्या निर्मात्यांची श्रद्धा आहे. दीडशे वर्षांच्या अनुभवामुळे आपल्याला तिच्यावर वाद घालता येत नाही. सर नायजेल सेनापती झाले, बँकर झाले, दोनदा शास्त्रज्ञ आणि एकदा बिशप झाले. प्रत्येक वेळी शेवटी मेले.

मग तीन वर्षांपूर्वी एका नव्या एजंटने त्यांना लॉस एंजेलिसच्या एका प्रख्यात कॉस्मेटिक डेंटिस्टकडे पाठवलं. तिथून ते सहा कॅप घालून आले. एकसारख्या, सरळ, फ्रिजच्या दारासारख्या पांढऱ्या. त्या दिवसापासून कोणी त्यांना मारेना. प्रेमळ आजोबा मिळाले, दयाळू न्यायाधीश मिळाला आणि गुडघ्यांच्या व्हिटॅमिनची जाहिरात मिळाली. तीत ते सायकल चालवत हसतात.

आता ते कॅरीत मुलीकडे राहत होते. एका मोठ्या मालिकेत मुख्य खलनायक हवा होता. शुक्रवारपर्यंत सेल्फ-टेप पाठवायची होती, म्हणजे घरीच फोनवर शूट केलेली ऑडिशन. वय अडुसष्ट. पुन्हा असं कोणी विचारेल याची खात्री नव्हती.

"मला परत मरायचंय, डॉक्टर," ते म्हणाले. "सायकलवर नाही."

निरोगी दात बिघडवणं मला मान्य नाही, आणि लायसन्स देणाऱ्यांनाही नाही. पण त्यांचे दात लॉस एंजेलिसमध्ये कॅपसाठी आधीच घासून बारीक केलेले होते. मला फक्त वरच्या टोप्या बदलायच्या होत्या. मी फ्रंट डेस्कवरच्या मानसीला संमतिपत्र टाइप करायला सांगितलं.

"मॅम, हे खरंच लिहू? 'दात मुद्दाम खराब दिसतील'?"

"लिही."

"यार, मी चार वर्षं ब्रेसेस घातल्या," ती पुण्याच्या आवाजात म्हणाली आणि टाइप करत राहिली.

जुने दात नेमके कसे होते? त्यांचा साचा लॉस एंजेलिसवाल्यांनी फेकून दिला होता. उरले चित्रपट. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचे सहा चित्रपट पाहिले. पूर्ण नाही, फक्त शेवटची दहा मिनिटं. मरताना तोंड उघडं असतं, मान मागे पडलेली असते, प्रकाश चांगला असतो. वरच्या दातांचं इतकं स्वच्छ दर्शन आमच्या एक्स-रेतही होत नाही. बिशपचा मृत्यू सर्वांत उपयोगी पडला.

मग रंग. आमच्याकडे शेड गाइड असते. साड्यांच्या दुकानातल्या नमुन्यांसारखी, फक्त दातांची. प्रत्येक रंगाला अक्षर आणि आकडा. इथले लोक सगळ्यांत पांढरा बी-वन दाखवला की विचारतात, याहून पांढरा नाही का? दुसऱ्या टोकाला सी-फोर असतो, राखेत चहा सांडल्यासारखा. बावीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. सर नायजेलनी आरशात तो ओठांशी धरला आणि जुन्या मित्राला करावी तशी मान तुकवली.

सहा कॅप कापून काढण्यात सोमवारची दुपार गेली. तात्पुरत्या बसवल्या आणि सगळी मापं लॅबला पाठवली. लॅब डगची. डग इथलाच. माणूस अत्यंत गुणी, हात सोन्याचे. ऑर्डरवर मी स्वच्छ लिहिलं: दोन मधले दात वाकडे, मध्ये फट, शेड सी-फोर.

बुधवारी डबा आला. आत सहा अप्रतिम दात. सरळ. फट नाही. बी-वन. सोबत चिठ्ठी: 'स्कॅनमध्ये काहीतरी घोटाळा दिसतोय. सगळं दुरुस्त केलंय, काळजी नको.'

मी फोन केला. "डग, ऑर्डर वाचलीस?"

"वाचली. म्हटलं, तू दमली असशील."

"मला वाकडेच हवे होते."

"डॉक्टर," तो हळुवारपणे म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्याला पुन्हा बनवायला शुक्रवार उलटला असता. म्हणून गुरुवारी मी ते काम स्वतःच्या हाताने केलं. सहा तात्पुरते दात, ऍक्रिलिकच्या प्लास्टिकमध्ये, खुर्चीशेजारी बसून. सरळ दात कसा करायचा हे दोन देशांत शिकले होते. वाकडा करताना हात ऐकेना. तीनदा तो आपोआप सरळ झाला.

शेवटी उच्चाराची चाचणी. 'स' म्हणताना हवा दातांच्या कडेवरून जाते, म्हणून आम्ही पेशंटला साठ ते सत्तर आकडे मोजायला लावतो. मराठी पेशंटला एकसष्ट, बासष्ट चालतं. सर नायजेलनी "सिक्स्टी-सिक्स" म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली. फट मोठी. मी थोडं ऍक्रिलिक भरलं. पुन्हा म्हटलं. आता व्हिटॅमिनची जाहिरात. फट फारच लहान. कणभर घासलं.

तिसऱ्यांदा ते डोळे किलकिले करून, सावकाश, छताकडे बघत म्हणाले, "सिक्स्टी... सिक्स."

बाहेर मानसीचं टायपिंग थांबलं. दार किलकिलं झालं आणि बोंडेकाकांचं डोकं आत आलं. काका अमरावतीचे, निवृत्त सर्जन, कवळी बसवून घ्यायला आले होते.

"काय बाप्पा, आत कोणाला धमकी चालली आहे?"

"नाही काका. आकडे मोजतायत."

"मोजतायत? मला वाटलं मुदत देऊन राहिले." मग त्यांनी नीट पाहिलं. "अरे! हा तर तो! प्रत्येक पिक्चरमध्ये मरणारा!"

सर नायजेल उठून बसले. "काय म्हणाले ते?"

"त्यांनी तुम्हाला ओळखलं."

"कशावरून?"

"मरता त्यावरून."

तीन वर्षं लोक त्यांना व्हिटॅमिनवाले आजोबा म्हणून ओळखत होते. त्यांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. काकांनाही अवघडल्यासारखं झालं. "असू द्या, असू द्या," ते मराठीतच म्हणाले.

शुक्रवारी टेप गेली. तिसऱ्या आठवड्यात भूमिका मिळाली. मग डगकडून पक्क्या कॅप करून घेतल्या. ऑर्डरवर 'हे असंच हवं आहे' हे वाक्य तीन ठिकाणी लिहिलं आणि खाली सही केली. त्याने काम उत्तम केलं, पण डब्यावर स्वतःच्या लॅबचं नाव घालायला नकार दिला.

वर्षभराने मालिका आली. आत्म्याच्या तळाविषयीची ती मुलाखत त्याच सुमाराची. पहिला भाग बघायला रविवारी दुपारी मानसी आणि बोंडेकाका आमच्याकडे आले. काका नवी कवळी घालून चिवडा खात होते. सर नायजेल पडद्यावर आले, खुर्चीत रेलले, आणि एका मंत्र्याला म्हणाले की त्याच्याकडे साठ सेकंद आहेत. 'स' माझाच होता. अंगावर काटा आला.

मग त्यांनी ओठ मागे घेतले.

"मॅम," मानसी म्हणाली, "दात सरळ आहेत."

मी सर नायजेलना फोन लावला. शूटिंग संपल्यावर कोणीतरी कॉम्प्युटरवर प्रत्येक फ्रेममधले त्यांचे दात नीट करून टाकले होते. कोणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाला वाटलं, नजरचुकीने राहून गेलंय.

एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक गोष्ट शिकले. या देशात माणसाला जग नष्ट करायची मोकळीक आहे. वाकडा दात मात्र कोणाच्याही हातून सुटत नाही.

मालिका पॉज केली, बॅगेतून शेड गाइड काढली आणि टीव्हीला लावून पाहिली. बी-वन.