डाव्या चाकाला डावा कान

माणसाचं आणि मोटारीचं सगळं दुखणं मागच्या ब्रेकांत असतं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला: आमच्या हिचे मामा. कुणाचा संसार मोडो, कुणी निवडणुकीत आपटो, मामा म्हणणार, "पुढचं समदी बघत्यात, मागलं कोण बघतंय?" त्यांची गाडी माझ्या लग्नाच्याही आधीची. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या बोळात ती शिरली की दोन्ही बाजूंच्या बायका दारातल्या कुंड्या आत ओढतात. पण तिला हात लावायच्या लायकीचा मेकॅनिक अजून जन्माला यायचाय, असं मामांचं मत.

म्हणून दर रविवारी चहा झाला की मामा पुढच्या चाकांना विटा लावतात, मागची बाजू जॅकनं उचलून खाली लाकडी ठोकळे सारतात आणि हँडब्रेक सोडून पाटावर बसतात. ड्रममागचा स्क्रू पान्यानं जरासा आवळायचा, चाक हातानं फिरवायचं आणि आतलं लायनर पुसटसं घासू लागलं की थांबायचं, एवढंच खरं तर काम. मामांना त्याला दोन तास लागतात, कारण ते आवाजावर ब्रेक जुळवतात. डोळे मिटून चाकाशी कान नेतात. डाव्या चाकाला डावा, उजव्याला उजवा. एकच कान दोन्हीकडे चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं. "न्हाय पावणं," मामा म्हणाले, "उजव्यानं डाव्याचं ऐकलं की चुगली हुती." चाक संथ फिरत राहतं, ऊन पायरीवरून हळूच खाली उतरतं, आणि मामांच्या चेहऱ्यावरची शांतता बघता बघता मलाही पेंग येते. खरं सांगतो, माझ्या कोऱ्या करकरीत गाडीनं मला असं सुख कधी दिलेलं नाही.

मामींचं माहेर मलकापूरचं. तिथं त्यांची थकलेली आई आहे, आणि महिन्यातून एकदा मामा त्यांना गाडीनं घेऊन जातात. पुण्यातल्या मुलाचा फोनवर एकच धोशा: गाडी विका, एसटीनं जा. मामा त्यावर फोन मामींकडे देतात. गाडी गेली की आपण नुसते पेन्शनवाले उरणार, अशी त्यांना भीती आहे. एकदा बोलता बोलता त्यांनीच मला सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात मलकापूरहून येताना मी बरोबर होतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ घेत होती. उसाच्या रसाला थांबलो, तर मागच्या डाव्या चाकातून करपल्याचा वास. हात लावला तर चटकाच बसला. उजवं मात्र गार होतं. मामांनीही दोन्हींना हात लावून पाहिला.

"आवाज येस्तवर आवळलाय की मी," ते म्हणाले. डावीकडून आवाज येईना म्हणून ते आवळतच गेले होते. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. हळूच म्हटलं, "मामा, कान दाखवू या का?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मामींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांना केव्हाचंच ठाऊक होतं. चाक निवल्यावर मामांनी स्क्रू सैल केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुण्याला काय सांगायचं, हा विषय घरी पोचेपर्यंत कुणी काढला नाही.

पुढच्या रविवारी पाना मामांकडे आणि डाव्या चाकाला कान माझा. "ऐका आनि सांगा," मामांनी चाक फिरवलं. आवाज अगदी हलका होता.

"कसा येतोय?"

"सुपात तांदूळ पाखडल्यासारखा."

"बास मग." मामांनी पाना खाली ठेवला. डोळे मिटलेलेच होते. "लई दिस झालं, आमच्यात कुनी पाखडलंच न्हाय."

मामी त्यांच्या डाव्या अंगाला, चार हातांवर पायरीवर बसून तांदूळच पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. मग त्या सूप घेऊन उठल्या, गाडीला वळसा घालून मामांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या.