हसायचा, डोक्याचा, कानाचा

"भाऊ, बगला काय?"

हा प्रश्न यायच्या आधी एक क्रिया ठरलेली असायची. मोबाईल शर्टाच्या पोटावर दोनदा घासून पुसायचा, मग दोन्ही हातांनी असा पुढे धरायचा, जणू आत काहीतरी काठोकाठ भरलंय आणि सांडेल. आणि मग मान वाकडी करून, व्हिडिओकडे नाही, बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. व्हिडिओ त्यांचा आधी बघून झालेला असायचा. त्यांना आता तुमचं तोंड बघायचं असायचं.

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे मामा म्हणत. कार्यालय म्हणजे पनवेलला एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आमचे साहेब जमिनीची खासगी मोजणी करतात, मी आत बसून संगणकावर नकाशे काढतो आणि मामा शेतात काठी धरायचे. मोजणीचं यंत्र एका जागी तिपाईवर उभं असतं आणि हद्दीच्या एकेका कोपऱ्यावर आणि मधल्या खुणांवर एक माणूस आरसा लावलेली काठी घेऊन उभा राहतो. तो हलला की माप हललं. एका जागी न हलता उभं राहायचं, हा मामांचा पगारी उद्योग. असा माणूस दिवसभर काय करणार? मोबाईल बघणार.

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेल, सकाळी उठल्यापासून व्हिडिओ पाठवणारा. पण मामा आलेलं पुढे ढकलणारे नव्हते. ते निवडायचे. तीन प्रकार होते त्यांचे: हसायचा, डोक्याचा आणि कानाचा. सकाळी कानाचा, म्हणजे कुठल्यातरी परदेशी गावातला म्हातारा चमच्यांवर ताल धरतोय, किंवा आमच्या इकडची एखादी बेंजो पार्टी. अकराच्या सुमाराला डोक्याचा: कुणी मोटारसायकलच्या इंजिनावर नारळ सोलायचं यंत्र केलेलं, कुणी ड्रोननं भातावर फवारणी करतंय. आणि जेवणानंतर हसायचा. "जेवून उटल्याव डोक्याचा नाय बगायचा, पचत नाय," असं त्यांचं शास्त्र होतं.

एकदा मी करंजाड्याच्या बाजूच्या एका प्लॉटचा नकाशा काढत होतो. तीन बाजू सुतासारख्या सरळ आणि चौथीला मधेच दीड फूट आत गेलेला खळगा. साहेब म्हणाले, "इथे नाला आहे का?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी इथेच बसलेला असतो." मामांना बोलावलं. मामांनी नकाशाकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

"त्यो नाला नाय साहेब. त्यो मी हसलू."

कुत्रा बाजाची पेटी वाजवतो असा व्हिडिओ होता. नेमकं माप घेताना मामा काठीसकट वाकले होते. साहेब दिवसभर चिडले होते, पण संध्याकाळी जिन्यात त्यांनीच हळूच विचारलं, "मामा, तो कुत्रा कुठला हो?"

त्याच कुत्र्यानं पुढे शिरढोणला आमची लाज राखली. दोन सख्खे भाऊ, बांधावरून भांडण, दोघांच्या हातात फावडी, आणि साहेबांना कुणी यंत्रच लावू देईना. मामा शांतपणे दोघांच्या मधे गेले, मोबाईल पोटावर पुसला आणि धरला. "ह्यो बगला काय?" पहिल्यांदा थोरला वाकला, मग धाकटा. दोन डोकी एका मोबाईलवर टेकली. व्हिडिओ संपल्यावर भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं, पण तोवर गावातल्या एका पोराच्या हाती काठी देऊन साहेबांनी चारही कोपरे मोजून घेतले होते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. त्यासाठीच लिहायला बसलोय, उगाच कुत्र्याचं सांगत वेळ काढतोय.

मी कमी बोलणारा माणूस आहे. नाही म्हणणं मला जमत नाही आणि हो म्हणणंही नीट जमत नाही. मामा समोर असताना मी व्हिडिओ बघायचो, कारण ते तोंडाकडे बघत असायचे. पण ते साइटवरून जे पाठवायचे, ते मी कधीच बघितले नाहीत. एकही नाही. व्हिडिओ आला की मी "वा, छान!" असं उत्तर टाकायचो. पुढेपुढे तर 'वा' लिहिलं की मोबाईलच 'छान' सुचवायचा. दर शनिवारी दुपारी मी फोन झाडायचो, म्हणजे मामांकडून आलेलं सगळं एकदम निवडून उडवायचो. पाच वर्षं हे चाललं. मला यात काही वाईट वाटत नव्हतं. उलट आपण एका माणसाचं मन राखतोय असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, गव्हाणला, त्यांच्या घरी. मला बोलावणं होतं, मी गेलो नाही. कारण काय सांगितलं तेही आता आठवत नाही.

मामांची थोरली बहीण, तिला सगळे बाय म्हणतात, ही त्या भागातली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून एकेका विधीला ज्या बायका धवला गातात, त्यांच्यातली मुख्य. ना बाजा, ना ढोलकी, नुसता गळा. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ, आणि बायचा नियम असा की लग्न असेल तरच गायचं. "चुलीपुडं बसून धवला म्हनत नाय," असं ती म्हणायची. त्यामुळे कुणाला तो शिकायचा तर लग्नात तिच्या मागे बसूनच. आणि आताच्या पोरी तेव्हा डीजेपुढे असतात.

त्या लग्नात मामांनी बायचं गाणं पहिल्यांदा फोनमध्ये घेतलं, पूर्ण. बाकी सगळ्यांनी डीजेचे व्हिडिओ काढले होते. मामांनी तो व्हिडिओ मला पाठवला आणि मागोमाग आवाजात एक निरोप: "भाऊ, ह्यो तुमच्या कंप्युटरात ठेवा. माजा फोन भरलाय, मी उडवतू." मी व्हिडिओ उघडला नाही, निरोप ऐकला नाही; त्यात काय होतं ते पुढे मामांकडूनच कळलं. उत्तर टाकलं, "वा, छान!" त्यांनी ते वाचून त्यांच्याकडचा उडवला. मी शनिवारी माझ्याकडचा उडवला.

पुढच्या वर्षी बायला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हातही थोडा परत आला. गाण्याची चाल राहिली, पण शब्द तोंडात येईनात. आणि या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं. मुलगी हट्टी. तिनं सांगितलं, माझ्या हळदीला बायचाच धवला हवा, मी आणि शेजारच्या दोघी व्हिडिओ बघून पाठ करतो.

मामा एका सोमवारी माझ्या टेबलाशी आले. या वेळी मोबाईल पोटावर पुसला नाही. "भाऊ, बायचा त्यो कानाचा व्हिडिओ द्या. पोरींना शिकायचा हाय."

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "शोधतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये असेल."

जुनी हार्ड डिस्क नव्हतीच. पुढच्या आठवड्यात ती नसलेली हार्ड डिस्क बंद पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी ती दुरुस्तीला ठाण्याला पाठवली. एक खोटं बोलल्यावर पुढचं आपोआप सुचतं, त्या 'छान'सारखं. महिना असाच गेला. मग एका सकाळी मामा डबा घेऊन आले. आत खाडीची कोळंबी, सोललेली, हळद-मीठ लावलेली.

"ह्यी त्या ठाण्याच्या हार्ड डिस्कवाल्याला द्या. म्हनाव, जरा मन लावून बग."

ठाण्याला कोळंबी खाणारं कुणी नव्हतं. ती मी घरी नेली. बायकोनं तळली, विचारलं कुणी दिली, मी म्हटलं ऑफिसात. कोळंबी उत्तम होती, हेही कबूल करतो. पण त्यानंतर मला गप्प बसवेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांची मोजणी उलव्याच्या रस्त्याला होती. मी कधी साइटवर जात नाही, त्या दिवशी गेलो. काम संपल्यावर टपरीवर चहा घेताना मामांना म्हणालो, "मामा, हार्ड डिस्क नाहीये. व्हिडिओ मी बघितलाच नव्हता. उडवला. तुम्ही पाठवलेला एकही व्हिडिओ मी कधी बघितला नाही."

मामांनी कप खाली ठेवला.

"बगत नाय त्यो माहीत हाय मना."

"कसं?"

त्यांनी मोबाईल काढला, पोटावर पुसला, खूप मागे गेले आणि माझ्यापुढे धरला. व्हिडिओत मी होतो. दुपारी खुर्चीत झोपलेलो, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, आणि घोरण्यागणिक टेबलावरचा एक कागद हलत होता. खाली माझं उत्तर होतं: वा, छान!

"चार वर्सं झाली," मामा म्हणाले. "कोनाला दाखवला नाय. तुमची फजिती कशाला?"

"मग तरी का पाठवत होतात?"

"एकट्याला हसाय येतो काय?" मामा म्हणाले. कपातल्या चहावर साय धरली. "बाकीचा नाय बगला, चालतो. पन बायचा ठेवला असाल असा वाटला. हार्ड डिस्क मना खरी वाटली, भाऊ."

त्यांनी रागावायला हवं होतं. ते उठले आणि म्हणाले, "चला. बायला तुमीच सांगा. माज्यानी नाय व्हायाचा."

गव्हाणच्या त्यांच्या घरात बाय पडवीत खुर्चीवर बसली होती, पाठीशी उशी. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी एका दमात इतकं बोललेलो नाही. तिनं ऐकून घेतलं. तिचे शब्द अडखळत, एकेक करून येत होते.

"उडवलास?"

"हो."

"बगलास पन नाय?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. उडवण्याचं तिला तितकं लागलं नव्हतं. न बघण्याचं लागलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मग डाव्या हातानं जमिनीकडे बोट दाखवत म्हणाली, "लग्नाला ये. पयल्यापासून बस. उटायचा नाय."

लग्नाला मी हळदीच्या सकाळी सातला हजर होतो. मुलीनं डीजेवाल्याला अर्धा तास गप्प बसवलं होतं, तो स्पीकरवर बसून केळं खात होता. मांडवात धाकटीच्या बाजूला शेजारच्या दोघी आणि गावातल्या तीन प्रौढ बायका, ज्यांना थोडंथोडं आठवत होतं. मी सवयीनं फोन काढला. निदान आता तरी रेकॉर्ड करावं म्हणून. मामांनी माझा हात धरून तो खाली केला.

"खिशात ठेवा. मी घेतू. तुमी बगा."

बायका गायला लागल्या. कुणाला एक ओळ येत होती, कुणाला दुसरी, अशी जोडत जोडत त्या पुढे गेल्या. मधे एके ठिकाणी सगळ्याच थांबल्या. एकमेकींकडे बघू लागल्या. तिथले शब्द कुणाकडेच नव्हते. ते माझ्या फोनमध्ये होते, एका शनिवारपर्यंत.

तेव्हा बायनं खुर्चीतून चाल धरली. शब्द नाहीत, नुसता आवाज, थोडा फाटलेला, पण वळणं सगळी जागच्या जागी. बायका तिच्यामागे तशाच बिनशब्दांच्या गुणगुणत गेल्या, आणि पलीकडच्या ओळीला पुन्हा शब्द लागले. मी उठलो नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी नाही. मान वळवली तर मामा फोन दोन्ही हातांत काठोकाठ भरल्यासारखा धरून उभे होते, काठी धरल्यासारखे, जराही न हलता. बायकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या मधल्या दोन कडव्यांचे शब्द गेले ते गेलेच. आता त्या गावात तो धवला तिथे बिनशब्दांचाच म्हणतात, असं धाकटीनं मला सांगितलं. ती हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

दिवाळीनंतर मामांचे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. आता काठी धरायला कुणी लागत नाही, साहेबांनी नवं यंत्र घेतलंय. मामा गव्हाणला घरी असतात. आणि मला व्हिडिओ पाठवत नाहीत. साहेबांना येतात, खालच्या झेरॉक्सवाल्याला येतात. मला नाही. सकाळी कानाचा नाही, अकराला डोक्याचा नाही. जेवून खुर्चीत डोळा लागला की मी आता दचकून जागा होतो, पण समोर मोबाईल धरून कुणी उभं नसतं.

परवा न राहवून मी स्वतःच एक पाठवला. मी कुणालाही पाठवलेला हा पहिला व्हिडिओ. तीन दिवस शोधत होतो. एक बाई काचेच्या पेल्यांत पाणी भरून त्यांच्या कडांवर बोटं फिरवत सूर काढते, आणि मागे तिची मांजर बरोबर समेवर शेपटी आपटते. म्हणजे कानाचाही आणि हसायचाही. वेळ साडेचार मिनिटं.

उत्तर तीन सेकंदांत आलं.

"वा, छान!"

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की आतून साहेब बाहेर आले. हाताखालचा माऊस हलला आणि सरळ चाललेल्या हद्दीला मधेच एक खळगा पडला. तो मी अजून काढलेला नाही.