धाकट्या जावेची साक्ष

कपडे शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंगला होती. कापडाच्या जाड थरातून मशीनचं पातं ती लोण्यातून सुरी फिरवावी तसं फिरवायची. जीभही तशीच चालायची, म्हणून सगळे तिला कातरी म्हणत. मुकादमाशी तिचं कधी पटलंच नाही. पात्यापुढची जाळी सैल झालीय, असं ती त्याच्या कानीकपाळी ओरडत राहिली आणि तो कानाडोळा करत राहिला. शेवटी ते पातं तिच्याच उजव्या तळहातात शिरलं. जखम भरली, पण बोटं मिटेनात.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तिनं अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण दिलं होतं, ‘हलकी कामे करू शकते.’

"कुणी ठरवलं हे?" तिनं ऑफिसच्या खिडकीत तोंड घालून विचारलं.

कारकुनानं मान वर केली नाही. "चौकशीला आमचा माणूस कारखान्यात गेला होता. तुमच्या घरातल्याच बाई म्हणाल्या, घरचं सगळं करता तुम्ही."

कातरीच्या घरातून कारखान्यात जाणारी बाई आता एकच होती. तिची धाकटी जाऊ. तिला तिथं चिकटवलं होतं तेही कातरीनंच.

संध्याकाळी जाऊ चपला काढते न काढते तोच कातरीनं तिला दारातच गाठलं.

"काय सांगितलंस गं त्या माणसाला?"

"जे दिसतं ते. भांडी उचलता, कपडे वाळत घालता. खोटं आहे का, जाऊबाई?"

"माझ्या पोटावर पाय देऊन वर मलाच विचारतेस?"

दोघींचा आवाज शेजारपाजारी गेला. कातरीचा नवरा वैतागून म्हणाला, "आता जाऊ दे ना!"

"जावेला तर मी मुळीच सोडणार नाही," कातरी म्हणाली.

तिनं अपील केलं आणि साक्षीदार म्हणून जावेलाच बोलावलं. दिरानं डोक्याला हात लावला. तारीख येईपर्यंत दोघी एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून स्वयंपाक करत होत्या.

सुनावणीच्या खोलीत टेबलामागं तिघं होते. अध्यक्ष, डॉक्टर आणि कामगारांच्या बाजूच्या एक वयस्कर बाई. डॉक्टरनं हात पुढं केला. "दाबा. पूर्ण जोर लावा."

"लावलाय."

"जाणवत नाहीये."

"मला तरी कुठं जाणवतोय?"

अध्यक्षांनी तिला नीट बोलायला बजावलं. मग जावेला पुढं बोलावलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "हो, काम करतात त्या. मी सांगितलेलं खरं आहे."

कातरीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या वयस्कर बाईंनी विचारलं, "करतात म्हणजे कसं?"

जाऊ घुटमळली. "कपडा दातात धरतात. डाव्या हातानं दोरीवर टाकतात. भांडं दोन मनगटांत धरून उचलतात. निम्म्या वेळा पाडतात. परवा पायावर आमटी सांडली."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मुकादम शेजारी उभा होता. माझ्या नोकरीकडं बोट दाखवून उभा होता, असं समजा."

अध्यक्षांनी कातरीला विचारलं, काही बोलायचंय का. ती म्हणाली, "बाहेर जाऊन बोलेन." आणि बोलली. जिन्यात, सगळ्यांदेखत. जाऊ रडली, पण कातरीला पाझर फुटला नाही.

अपील मंजूर झालं, पेन्शन सुरू झाली. इकडं मुकादमानं जावेला शिवणावरून उचलून चिंध्या गोळा करायला लावलं.

एकदा भाजी चिरताना जाऊ म्हणाली, "मी बोलले म्हणून मिळालं तुम्हाला. एक शब्द तरी?"

"आधी तूच घालवलं होतंस. घरातून पळवलेलं घरात आणून ठेवलं, तर चोराचा सत्कार करायचा?"

जावेनं विळी तशीच टाकली. महिनाभरात दिरानं दुसरीकडं खोली घेतली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा नवरा खाली जाऊन भावाला निरोप देऊन आला. कातरी दारातून हलली नाही. टेम्पो वळल्यावर म्हणाली, "सुटले."

नवऱ्यानं रिकाम्या झालेल्या खोलीचं दार लोटलं. तिनं ते पायानं पुन्हा उघडलं आणि एकटीच झाडू घेऊन आत गेली. झाडू काखेत अडकवून झाडत राहिली. नवरा मदतीला आला, तर त्याच्यावरही खेकसली.