भाऊसाहेब कोणाच्या हाकेला येतात

माझा मामा पाखराच्या पायाला दोरा बांधतो, अशी आवई आमच्या लॉजवर कितीतरी वर्षं होती. नुसता दोरा नाही, मासे पकडायचा नायलॉनचा. एक टोक पाखराच्या पायाला, दुसरं मामाच्या खिशात. पाहुणे जमले की खिशातल्या खिशात ओढायचं, की पाखरू धुक्यातून हजर. धोबीखोलीतला म्हातारा तर शपथेवर सांगायचा की मामाची विजार धुताना त्याने ते रीळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. हा म्हातारा चष्मा काढून ठेवून कपडे धुतो, ही गोष्ट वेगळी.

साफ खोटं. मामाच्या विजारीचे खिसे मी स्वतः तपासलेत. एक बोथट कात्री, एक कळकट रुमाल, आणि कधी कात्रीतून सुटलेलं एखादं गांडूळ. बस.

आमचं लॉज डोंगरावर अशा उंचीला आहे की ढग डोक्यावरून जात नाहीत, खिडकीतून आत येतात. चादरी वाळत नाहीत, काडी पेटत नाही, चार दिवस न घातलेल्या बुटात शेवाळ धरतं. रानातल्या झाडांनी तर शेवाळाचे कोटच घातलेत, आणि त्या कोटांवर नेचे, नेच्यांवर ऑर्किड, अशी गर्दी. त्या रानात जमिनीवर चालणारा एक पक्षी आहे. गोल, तपकिरी, शेपूट असून नसल्यासारखं. उकडलेल्या अंड्याला दोन काड्या टोचल्या की झाला तयार. तो कुणाला दिसत नाही, हीच त्याची ख्याती. माणसं कुठून कुठून येतात, आठवडाभर ओल्या पानांकडे डोळे फाडून बसतात, सर्दी घेऊन परत जातात.

मामाने त्यातला एक पटवला होता. त्याला तो भाऊसाहेब म्हणायचा.

रोज सकाळी सहाला मामा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून डब्यातली गांडुळं कात्रीने कापायचा. मग पाहुण्यांना घेऊन निघायचा. तासभराच्या चालीनंतर एक सपाट खडक येतो. पाहुण्यांना दहा पावलं अलीकडे कठड्याशी उभं करायचा, स्वतः पुढे जाऊन खडकाभोवती एक फेरी मारायचा. "जागा साफ करतो" म्हणायचा. त्यात साफ काय व्हायचं देव जाणे, कारण मामाचा डावा पाय उचलतच नाही. तो ओढत चालतो, आणि ओल्या पानांत त्याच्यामागे नांगर फिरवल्यासारखी रेघ पडते. म्हणून त्याला पाठीमागे सगळे फरफट्या म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

फेरी झाली की डबा खडकावर ठेवून मामा छाती भरून हाक द्यायचा. "या, भाऊसाहेब, या. नाश्ता थंड होतोय." आणि शेवटी खालच्या पट्टीतल्या दोन शिट्या. दोन-तीन मिनिटांत भाऊसाहेब पानांतून बाहेर, डोकं वाकडं करून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. सात वर्षांत त्यांनी खाडे केले ते बोटांवर मोजण्याइतके.

तो पायसुद्धा या धंद्यातच गेला. एका पाहुण्याचं कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण घळीत पडलं, मामा आणायला उतरला, दगड सुटला. घोट्याचे तीन तुकडे झाले. मामाला वर काढून झोळीत घातल्यावर पाहुणा म्हणाला, "अहो, दुसरं झाकण होतं माझ्या खिशात." मामा ही गोष्ट सांगायचा तेव्हा पाहुण्याचा आवाज काढायचा. माझ्यातलं नकलेचं कसब कुठून आलं ते यावरून समजावं.

मामाची जीभ म्हणजे गांडुळांचीच कात्री. एक बाई चालता चालता म्हणाल्या, "इथे किती शांत वाटतं ना." मामा म्हणाला, "वाटेल, तुम्ही थांबलात की." आईचा तो सख्खा भाऊ. ती लॉजची स्वयंपाकीण. तिच्या आमटीत तो रोज दुर्बिणीने डाळ शोधायचा. मी नापास झाले तेव्हा म्हणाला, "गोगलगायसुद्धा वर्षात एक झाड चढते गं." आणि मामीला, रोज, न चुकता, पहिला घोट घेऊन, "चहा केलायस की फडकं पिळलंयस?"

मला हे सगळं येतं. मॅनेजरसाहेबांचं "मी काय म्हणतो, आपण प्रॅक्टिकल होऊया" येतं, नाक ओढण्यासकट. धोबीखोलीतला म्हातारा येतो. पण मामा हा माझा खास आयटम. दुपारी भांडी झाली की मी स्वयंपाकघरात फरफट्या काढायचे. डावा पाय ओढत चुलीभोवती फेरी, मग हाक, मग शिट्या, मग ते चहाचं फडकं. आई हसू दाबून "वाईट गं, वाईट" म्हणायची. मामी दाबायची नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि म्हणायची, "परत कर."

गेल्या वर्षी मामाचा घसा बसला तो उठलाच नाही. शहरात नेलं. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यावर जाळीचं फडकं, श्वास तिथूनच. आवाज नाही. फुंकर नाही, म्हणजे शिटीही नाही. दोन महिने तो दवाखान्यात होता. इकडे दरड कोसळून खडकाकडची वाट बंद होती, म्हणून कुणाचं अडलं नाही. अडलं मामीचं. भेटायला फक्त रविवारी सोडत. बाकीचे दिवस ती जेवण झालं की आमच्याकडे यायची, पाटावर बसायची आणि म्हणायची, "आज काय म्हणाला असता?"

मी म्हणायचे. आमटीवरून, तिच्या नव्या चपलांवरून, मॅनेजरच्या केसांवरून. नवीन नवीन रचून, त्याच्या आवाजात. "चपला घेतल्यास की होड्या?" मामी हसायची आणि उठून झोपायला जायची. एकदा मी थकले होते, नाही केलं. त्या दिवशी ती उठलीच नाही. मग केलं.

मामा परत आला त्या दुपारी हेच चाललं होतं. मी पाय ओढत चुलीपर्यंत पोचले होते, "फडकं पिळलंयस" झालं होतं, मामी मांडीवर थाप मारत होती. दारात मामा उभा. गळ्यात दोरीने बांधलेली एक छोटी पाटी, वर खडू. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे. आता तो खाकरतही नाही ना.

मामी उठून चहा करायला लागली. त्याने पहिला घोट घेतला. आम्ही तिघी बघत राहिलो. त्याने पाटीकडे हात नेला, मग खाली घेतला, आणि मुकाट कप संपवला. एवढा वाईट चहा त्याने आयुष्यात कधी मुकाट प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. नाक ओढलं. "मी काय म्हणतो, वाट मोकळी झालीय, शुक्रवारी आठ जणांचा ग्रुप येतोय, सगळे त्या पक्ष्यासाठी. पक्षी आला पाहिजे. आता तुमचं हे असं." त्यांनी मामाच्या गळ्याकडे बोट केलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "आपण प्रॅक्टिकल होऊया. पोरगी तुमचा आवाज हुबेहूब काढते असं ऐकलंय. ती हाक मारेल. पक्ष्याला काय कळतंय कोण मारतंय. तुम्हाला धोबीखोलीत बघू. फक्त क्वार्टर वाटाड्यांसाठी आहे, एवढं लक्षात घ्या."

म्हणजे मामा-मामींच्या दोन खोल्या. बावीस वर्षं ती तिथे राहताहेत. खिडकीखाली मामीची कोथिंबीर आहे.

मामाने लिहिलं, "मी नेतो. हाक लागत नाही."

"असं कसं लागत नाही? सात वर्षं मारताय," मॅनेजर म्हणाले. "बरं, शुक्रवारी आधी ती, मग तुम्ही. ज्याच्यासाठी पक्षी येईल तो वाटाडा. फेअर आहे ना?"

फेअर आहे असं मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सोळाव्या वर्षी वाटाडी, म्हणजे मामाची दुर्बीण माझ्या गळ्यात, आणि परीक्षेला कायमची रजा. ते गेल्यावर मी मामाच्या आवाजात मामालाच म्हणाले, "या, भाऊसाहेब, या. धोबीखोली थंड होतेय."

आईने पळीने माझ्या पाठीत मारलं. मामाने पाटी पुढे ओढून लिहिलं, "पैज?"

"लावा की. तो माझ्याकडे आला तर दुर्बीण माझी."

त्याने होकारार्थी मान हलवली. पाटी पुसली. लिहिलं, "माझ्याकडे आला तर तुझं माझा आवाज काढणं बंद. कायमचा. कोणासाठीही नाही."

हे लिहून त्याने पाटी आधी माझ्याकडे धरली, मग मामीकडे. मामी बशी पुसत होती. ती बशी कोरडी झाल्यावरही पुसत राहिली. मी म्हटलं, "मान्य." हरायचं कुणाला होतं?

शुक्रवारी धुकं असं होतं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. आठ पाहुणे, मॅनेजरसाहेब, मी. मामाला त्यांनी मागे वळणावरच थांबवलं, म्हणजे पक्षी गोंधळायला नको. खडकाशी पोचल्यावर मी नवे बूट वाचवत दगडादगडांवरून उड्या मारत पुढे गेले, डबा ठेवला आणि हाक दिली.

अशी हाक मी पूर्वी कधी दिली नव्हती. "थंड" मधला तो खरखरीत थ, "होतोय" नंतरचा थकलेला श्वास, दोन्ही शिट्या. पाहुण्यांमधली एक बाई तीन वर्षांपूर्वी येऊन गेली होती. ती चमकून मामाला शोधायला मागे वळली. एवढी बरोबर.

भाऊसाहेब आले नाहीत.

पाच मिनिटं. परत हाक. शेवाळातून पाणी ठिबकत होतं, कुणीतरी खोकलं. परत हाक. दहा मिनिटं. मॅनेजरसाहेबांनी इतक्यांदा नाक ओढलं की तो आवाज एखाद्या पक्ष्याचाच वाटावा. पंधराव्या मिनिटाला ते वळणाकडे गेले आणि मामाला "जा" म्हणाले, कुत्र्याला सोडावं तसं.

मामा आला. कुणाकडे पाहिलं नाही. पानांत उतरला आणि खडकाभोवती फेरी मारायला लागला. उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा. ओली पानं उलटी होत होती, खालची काळी माती वर येत होती, तिच्यात काहीबाही पांढरं वळवळत होतं. अर्धी फेरीही झाली नव्हती. एक पाहुणा अगदी हळू म्हणाला, "मागे बघा, मागे."

मामाच्या मागे, दोन हातांवर, त्या रेघेतूनच भाऊसाहेब चालत होते. त्याने पाय ओढला की टोच. पाय ओढला की टोच. तो थांबला की थांबायचे, डोकं वाकडं करायचे, जणू म्हणताहेत, का थांबलात? खडकावरच्या डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आठ कॅमेरे एकदम वाजायला लागले. मामाने फेरी पूर्ण केली, मॅनेजरपाशी आला, डबा त्यांच्या हातात दिला आणि लिहिलं, "गांडुळं उरली. नाश्त्याला घ्या."

मग माझ्याकडे वळला. मी विचारलं, "मग सात वर्षं ओरडत का होता?"

"पाहुण्यांसाठी," त्याने लिहिलं. नुसतं चालून पक्षी आला तर त्यांना वाटाड्याने काही केलंय असं वाटत नाही. पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि अगदी माझ्या नाकासमोर धरली.

"लंगडायला विसरलीस."

स्वयंपाकघरात मी ते रोज करत होते. चुलीभोवती, पूर्ण फेरी, बायकांना हसवायला. रानात बूट वाचवत होते.

नोकरी राहिली, खोल्या राहिल्या, कोथिंबीर राहिली. मॅनेजरसाहेबांनी फाटकावर बोर्ड लावलाय, "मौन पक्षीदर्शन". ते आता प्रत्येक ग्रुपला सांगतात की ही त्यांची कल्पना. मामा पाहुण्यांना आता खडूने टोमणे मारतो. काहीजण त्या पाटीचे फोटो काढतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मामी आली. मटार सोलायला बसली. मामा दाराशी पायरीवर डबा धूत होता. मामीने चार शेंगा सोलल्या आणि आवाज न चढवता म्हणाली, "एकदाच म्हण गं. ते चहाचं."

मी दाराकडे पाहिलं. मामाने हात थांबवला नव्हता, पण डब्यातलं पाणी ओतलंही नव्हतं. मान वळवली नाही. पाटी पाठीवर होती, कोरी.

"हरलेय मी, मामी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. थोड्या वेळाने स्वतःच करून बघितलं, घोगरं, ओठ वाकडे करून. "चहा केलायस की." पुढचं आलं नाही. तिला अजिबात जमत नाही.