नाल्याआधीच दिलेला ‘क्लियर’

नगरजवळच्या फायरिंग रेंजवर आमची तुकडी तीन आठवडे होती. मी आणि योहान, दोघेही नायक, एकाच भरतीचे. तो देवळाली प्रवऱ्याचा, मी शेजारच्या गावचा. तोफा सुटायच्या आधी रेंज रिकामी आहे ना, हे मोटरसायकलवर फिरून बघायचं, ही आमची ड्यूटी. गाडी तो चालवायचा, मागे वायरलेस सेट घेऊन मी.

शेवटचा टप्पा एक खोल नाला. तिथे सेट लागत नसे. म्हणून आम्ही शहाण्यांनी पद्धत पाडली होती: अलीकडच्या टेकाडावरूनच ‘क्लियर’ द्यायचा, मग नाला बघायचा. नाल्यात कधी चिटपाखरू नसायचं.

त्या दिवशी फायर ०९०० ला होतं. ०८४५ ला मी बोललो, “कंट्रोल, रेंज क्लियर, ओव्हर.” मग बघत बघत दोन किलोमीटर खाली उतरलो. नाल्यात एक म्हातारा मेंढपाळ आणि पन्नासेक मेंढ्या!

एक मेंढी आडवी आली. योहानने पुढचा ब्रेक दाबला, चाक मुरमावर घसरलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग माणसाच्या चालण्याइतकाच. पण योहानचा पाय खाली सापडला, घोटा चांगलाच मुरगळला. इंजिन बंद. घड्याळात ०८५३. टेकाड पळत गाठायला सात मिनिटं पुरणार नव्हती.

मी गाडी उभी केली आणि किकवर किक मारत सुटलो, थ्रॉटल पिळत. माझी पार तंतरली होती.

“आरं थांब की!” योहान जमिनीवर बसून ओरडला. “वास येतोय न्हवं पेट्रोलचा? पाजतोस कशाला आजून? पेट्रोलचा कॉक बंद कर.”

“केला.”

“किल स्विच बंदवर तर न्हाई?”

“नाही, चालूवर आहे.”

“थ्रॉटल पूर्ण पिळून धर. मार आता.”

सहा किका. काही नाही.

“प्लग काढ.”

प्लग तापलेला, बोटं भाजली. पेट्रोलने चिंब होता. बनियनला पुसला. योहानच्या सांगण्यावरून प्लगशिवाय चार किका मारल्या, आत साठलेलं पेट्रोल भसकन बाहेर आलं. प्लग बसवला. गिअरचा लिव्हर पडताना आत वाकून इंजिनला टेकला होता, तो पान्याने ओढून मोकळा केला. कॉक उघडला. तिसऱ्या किकला गाडी फटफटली. ०८५७.

“बस मागं,” मी म्हणालो.

“मला चढवंस्तोवर नऊ वाजत्याल. तू जा. आमी मेंढ्या हाकतो.” मग म्हाताऱ्याकडे वळून, “बाबा, चला, लई येळ न्हाई.”

मी निघालो. आयुष्यात तसा घाबरलो नाही. अर्ध्या चढावर सेट खरखरला.

“कंट्रोल, होल्ड फायर! होल्ड फायर! नाल्यात माणसं आहेत, ओव्हर!”

थोडा वेळ नुसती खरखर. मग, “होल्ड फायर, रॉजर.” ०८५९.

दुपारी मेजर साहेबांनी दोघांना उभं केलं.

“क्लियर कुणी दिला?”

“मी, सर,” योहान म्हणाला.

मला महिन्यात हवालदारी मिळायची होती. मी तोंड उघडलं नाही. योहानच्या रेकॉर्डला लाल शाईची एंट्री लागली आणि त्याची बढती अडकली. बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तर तो म्हणाला, “तुला पोरगी हाय. माझ्यामागं आईच हाय, ती मला नायक म्हनूनबी जेवू घालती.” आणि लंगडत मेसकडे गेला.

पुढच्या वर्षी उत्तरेत रोड ओपनिंगच्या, म्हणजे ताफ्याआधी रस्ता तपासायच्या ड्यूटीवर सुरुंग फुटला आणि योहान गेला. गावाबाहेर ख्रिस्ती दफनभूमीत त्याच्या दगडावर ‘नायक’ कोरलंय. मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. दरवर्षी जातो, फुलं ठेवतो, योहानच्या आईला, मावशींना, भेटून परततो. त्या दिवसाचं एक अक्षर बोललो नव्हतो. लाज वाटायची.

यंदा मावशीही सोबत आल्या आणि मी बोललो. दगडापाशी उभं राहून सगळं सांगितलं. मावशींनी हाताने दगडावरची धूळ पुसली.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “सुट्टीवर आल्ता तवाच सांगितलं त्यानं. म्हनला, आई, त्याला इचारू नको, त्यो आपल्या तोंडानं सांगंल.”

मला सांगायला नऊ वर्षं लागली.