बोटीच्या नाकावरचा टिळा

तुम्ही फोनवर विचारता, "आजोबा, बोट कुठे गेली?" आणि आजोबांचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

जे. पी. नगरच्या आपल्या पोर्चमध्ये आजोबांनी स्वतः बांधलेली ती बोट उपडी पडली होती, माझ्या जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांवर. आम्ही दोघं स्टुलांवर बसून जेवत होतो. विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहते, हे पाहण्यात आजोबांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर पाण्याची पाळी आली.

"अगं, पाणी तळाला चिकटतं. तळ खरखरीत असला की बोट ते पाणीही ओढत नेते. त्यातून नाकाकडचा भाग सगळ्यात गुळगुळीत हवा. तिथे बिघडलं की मागे सगळं बिघडतं."

"घराचंही तसंच असतं," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग मेण. शेवटी तळात चेहरा दिसू लागला आणि आजोबा येता-जाता त्यात भांग पाडू लागले. एका मर्यादेपलीकडे घासलं तर पाण्याला फरक कळत नाही, असं त्यांच्याच पुस्तकात मी वाचलं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, "पुस्तकं सर्वसामान्यांसाठी असतात."

आपले शेजारी, ते निपाणीकडचे निवृत्त बँक अधिकारी, त्यांच्याकडेही एक बोट आहे. प्लास्टिकची, जुनी, पोटावर ओरखडेच ओरखडे. देवनहळ्ळीच्या पुढच्या तळ्यावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वल्हवण्याची शर्यत ठरली. आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हरलो तर ही बोट तुमची!" मी मनातल्या मनात चारही खुर्च्या टेबलाला लावून टाकल्या.

पण मध्ये खंडेनवमी आली. या कानडी शहरात त्या दिवशी बसपासून मिक्सरपर्यंत कोणीही टिळ्यावाचून सुटत नाही. बेळगावहून तुमच्या आत्याआजीचा फोन आला, "बोटीला टिळा लाव रे. आणि पाण्यात धुऊन जाऊ देऊ नकोस हं, अपशकुन असतो."

आजोबांनी गंध लावलं, ते घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. पॉलिशच तसं झालं होतं! दुसऱ्या कोणी नुसता नमस्कार केला असता. आजोबांनी ज्या दोन डब्यांतल्या गोंदाने फळ्या जोडल्या होत्या, तो कालवला. त्यात कुंकू घातलं आणि बोटीच्या नाकावर तळहाताएवढा टिळा काढला. वर मूठभर अक्षता दाबून बसवल्या. सकाळपर्यंत त्याचा दगड झाला.

"अहो, नेमका नाकावर? तुम्हीच म्हणत होता ना..."

"मग काय शेपटीला लावू? श्रद्धेच्या जागी शास्त्र आणू नये."

माझ्या खुर्च्यांच्या जागी मात्र वर्षभर शास्त्र चाललं होतं.

शर्यतीच्या सकाळी शेजाऱ्यांनी काथ्याने आपल्या बोटीवरचं शेवाळ घासून काढलं. तेवढीच त्यांची तयारी. पलीकडच्या बांधाला पोचून त्यांनी चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा उघडला, तेव्हा आजोबा अजून मध्यावर होते.

"साहेब, स्वल्प दमानं!" शेजारी ओरडले. "डबा संपत नाही इतक्यात!"

टिळ्यामुळे हरले की कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. शेजारी रोज सकाळी व्यायाम करतात. आजोबा रोज सकाळी पॉलिश करत होते. पण काठावर बोट उलटी केली, तर अक्षतेचा दाणा न् दाणा जागेवर होता. आजोबांनी त्यावरून हाताचं बोट फिरवलं, मग मागच्या आरशासारख्या तळावरून फिरवलं, आणि वाऱ्याबद्दल बोलू लागले.

"अक्का, मी मजेत म्हटलं होतं," शेजारी मला म्हणाले. "बोट राहू दे त्यांच्याकडेच."

आजोबांनी आशेने माझ्याकडे पाहिलं.

"शब्द दिलाय त्यांनी," मी म्हटलं. "आजच न्या."

शेजाऱ्यांनी आधी हात जोडले आणि मग तो टिळा पटाशीने खरवडून काढला. आता तीच बोट घेऊन ते सगळ्यांना हरवतात. आजोबा म्हणतात, पॉलिश कोणाचं आहे!

शर्यतीच्या संध्याकाळी आत्याआजीचा फोन आला. "टिळा राहिला ना रे पाण्यात?"

"अगदी घट्ट," आजोबा म्हणाले. बोटीचं तिने विचारलं नाही.

चारही खुर्च्या आता टेबलाशी आहेत. एकीच्या पाठीवर त्या गोंदाचा लाल थेंब पडलाय, काही केल्या निघत नाही. ती आजोबांची.