साळवे पाळक गेल्यानंतर

नर्सच्या नोकरीत मी छत्तीस वर्षं काढली, पण सांगण्यासारख्या गोष्टी साठल्या त्या रिटायर झाल्यावर, चर्चची सेक्रेटरी झाल्यापासून. वॉर्डातलं माणूस बरं होऊन घरी जातं किंवा जात नाही, आणि गोष्ट तिथे संपते. मंडळीतलं माणूस मात्र दर रविवारी परत येतं. मिनिट्सच्या वहीत मी फक्त ठराव लिहिते. बाकीचं डोक्यात पडून राहतं आणि कोणी चहाला बसलं की बाहेर येतं. आमची मंडळी वर्ध्यातली, लहानशी, साठेक घरांची. त्यामुळे जे घडतं ते सगळ्यांच्याच देखत घडतं.

* * *

आमचे साळवे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, एका मंगळवारी सकाळी गेले. आजार काही नव्हता. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले. तासाभरात सगळे पंच, म्हणजे आमच्या कमिटीतले लोक, चर्चच्या आवारातल्या त्यांच्या घरी जमले. प्रश्न असा पडला की अंत्यविधी करायचा कसा. एकोणतीस वर्षं मंडळीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनीच माती दिली होती. कुठली प्रार्थना आधी, कुठलं गीत नंतर, शवपेटी कोणत्या बाजूने धरायची, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त मागे उभे राहायचो.

योहानकाका आमचे सर्वांत जुने पंच. वर्धा–समुद्रपूर एसटी चालवून रिटायर झालेले, त्यामुळे बोलतानाही समोर रस्ता असल्यासारखं सरळ बघतात. वाद वाढत चालला तसे ते वैतागले.

"भांडून काऊन राह्यले? सिस्टर, पाळकसाहेबाले फोन लावा न. ते सांगतीन."

मंडळीत मला सगळे सिस्टरच म्हणतात. छत्तीस वर्षांत मी किती मृत्यू पाहिले असतील, त्याची मोजदाद नाही. तरी मी पर्समधून फोन काढला आणि लावला.

आतल्या खोलीत, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, रिंग वाजायला लागली. ती वाजून वाजून आपोआप बंद झाली.

* * *

नवा पाळक मिळेपर्यंत चर्चच्या वरच्या ऑफिसने दर रविवारी एक पाहुणा उपदेशक पाठवायचं ठरवलं. प्रत्येकाला सांगितलेलं असायचं की मंडळी दुःखात आहे. त्यामुळे जो येई तो सांत्वन करी. आवाज मऊ, डोळे मिटलेले, अधूनमधून दीर्घ श्वास. पहिल्या दोन रविवारी आम्ही रडलो. तिसऱ्या रविवारी थोडे कमी. सहाव्या रविवारी मागच्या बाकावरून चक्क घोरण्याचा आवाज आला.

सातव्या रविवारचे उपदेशक फारच प्रेमळ होते. शेवटी त्यांनी विचारलं, मंडळीसाठी आपल्याला आणखी काही करता येईल का? योहानकाका उभे राहिले.

"साहेब, आता आमाले थोडं रागवा. लय दिवस झाले, कोणी रागावलंच नाई."

उपदेशकांनी पुन्हा प्रार्थनाच केली.

* * *

साळवे पाळकांचा फोटो चर्चमध्ये लावायचा ठराव एकमताने झाला. आमच्याकडे एकमताने होणारे ठराव थोडे, म्हणून मी तारखेखाली दोन रेघा मारल्या. पण फोटो मिळेना. एकोणतीस वर्षांत त्यांचे शेकडो फोटो निघाले होते, आणि प्रत्येकात ते कोणाच्या तरी लग्नात नाहीतर बाप्तिस्म्यात. एकट्याचा म्हणून फक्त मतदार कार्डावरचा होता, आणि तो पाहून त्यांचं मत कोणी घेतलं नसतं.

शेवटी एका लग्नाच्या फोटोतून त्यांना कापून काढलं. फोटो छान आला. फक्त डाव्या कोपऱ्यात एक मेंदी लावलेला हात कोपरापर्यंत राहिला, हिरव्या बांगड्यांसकट. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरवर काढून टाकू. त्यावर दोन बैठका झाल्या. हात काढला तर पाळकसाहेबांचा खांदा जातो, असं निघालं. हात राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून एक बाई नवऱ्यासोबत आली. उपासना संपल्यावर फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "सिस्टर, हा माझा हात आहे." आणि तिने तो धरून दाखवला, अगदी तसाच.

* * *

मग नवे पाळक आले. पास्टर अमोल पाटोळे. नगरकडचे, बत्तीस वर्षांचे, लग्न व्हायचं होतं. एकटेच वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेला भाड्याच्या खोलीत राहिले, कारण चर्चच्या आवारातल्या घरात साळवे पाळकांच्या पत्नी, साळवेबाई, होत्या. नव्या पास्टरांनी आल्या आल्या एक साधी सूचना केली. उपासना आठऐवजी नऊला ठेवू या, कारण लोक तसेही नऊलाच येतात.

मंडळी पेटून उठली. साळवे पाळकांची वेळ बदलायची म्हणजे काय! योहानकाकांनी घरोघर निरोप दिला की येत्या रविवारी निषेध म्हणून सगळ्यांनी आठलाच हजर राहायचं. साळवे पाळक असताना आठची उपासना पावणेनऊच्या आधी कधी भरली नव्हती. बिचारे रिकाम्या बाकांपुढे पहिलं गीत एकटेच म्हणायचे. निषेधाला मात्र पावणेआठला जागा उरली नाही. लहान मुलंसुद्धा आंघोळ करून आली होती.

पास्टर पाटोळे आठला पाच कमी असताना आत आले, सगळ्यांकडे पाहून हसले, आणि त्यांनी उपासना सुरू केली.

"म्हणजे आपण जिंकलो का हरलो?" काका मला कानात विचारत होते.

पुढच्या रविवारपासून वेळ नऊची झाली, आणि सगळे नऊला आले. म्हणजे दहाला.

* * *

वरच्या ऑफिसला कळलं की आमच्याकडे बदल पचत नाहीये. त्यांनी एक दिवसाचं प्रशिक्षण पाठवलं. विषय: "बदल, वियोग आणि दुःख यांतून मंडळीचे नेतृत्व". प्रशिक्षक पुण्याचे होते, गळ्यात ओळखपत्र आणि हातात लेझरचा लाल ठिपका. त्यांनी हॉलच्या फरशीवर खडूने पाच चौकोन आखले. दुःखाच्या पाच पायऱ्या. पहिला चौकोन नकाराचा, शेवटचा स्वीकाराचा. प्रत्येकाने मनात डोकावून पाहायचं आणि आपल्या चौकोनात जाऊन उभं राहायचं.

जेवायला लवकर सोडतील या आशेने सगळे स्वीकारात जाऊन उभे राहिले. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. योहानकाका एकटेच पहिल्या चौकोनात.

प्रशिक्षकांचा चेहरा उजळला. ते हळूच काकांजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, की काका अजून नकारात आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"मी नकारात नाई," काका म्हणाले. "इथं पंखा आहे."

प्रशिक्षक आमच्याकडे वळले. "पाहिलंत?"

* * *

आता साळवेबाईंच्या घराचं. नियमाप्रमाणे पाळक गेल्यावर तीन महिन्यांत घर रिकामं व्हायला हवं. सहा महिने झाले होते. हे त्यांना सांगायचं कोणी? प्रत्येक पंचाकडे कारण होतं. एकाचं लग्न साळवे पाळकांनी लावलेलं, दुसऱ्याच्या मुलीला बाईंनी शिकवलेलं. शेवटी ठराव झाला: "सेक्रेटरींनी योग्य वेळी योग्य शब्दांत कळवावे."

मी चार वेळा गेले. चारही वेळा चहा घेतला, लिंबाच्या लोणच्यावर बोलले आणि परत आले. तिसऱ्यांदा तर बरणीभर लोणचं घेऊन आले. नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं हे माझं नोकरीतलं रोजचं काम होतं, पण तेव्हा अंगावर युनिफॉर्म असायचा.

पाचव्यांदा गेले ती दार वाजवण्याआधीच वाक्य तयार ठेवून. बाईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून बाजूला झाल्या. आत खोके बांधून भिंतीला लावलेले होते. भांडी, पुस्तकं, गाद्या, सगळं. उघडी होती ती फक्त चहाची भांडी.

मी विचारलं, हे कधी बांधलं?

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या. "भाच्यानं सावंगीले खोली पण पाहून ठेवली. पण मीच आपल्या मनानं गेली असती तर लोकाईले वाटलं असतं, आपण बाईले निघ म्हणून सुचवलं. त्याईच्या मनाले लागलं असतं. म्हणून तुमी सांगाल याची वाट पाहून राह्यली होती."

मग आम्ही दोघी बसलो. वाक्य तयार होतं, पण मला ते तेव्हाही बोलता आलं नाही. बाईच म्हणाल्या, "मिनिट्समंदी लिहा, सेक्रेटरींनी कळवलं."

मी लिहिलं.

* * *

त्या थंडीत पास्टर पाटोळ्यांचे वडील वारले. गुरुवारी फोन आला, ते तसेच नगरला गेले. आम्ही शुक्रवारी बैठक घेतली. मंडळीतलं कोणी गेलं की सांत्वनाला पाळक जातात. पाळकाचंच कोणी गेलं तर कोण जातं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. शोकपत्र द्यायचं ठरलं. मी मसुदा केला आणि नेहमीच्या सवयीने चर्चची पत्रं टाइप करणाऱ्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. तो माणूस म्हणजे पास्टर पाटोळे.

तासाभरात पत्र परत आलं. टाइप केलेलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून, सहीसाठी जागा सोडून.

रविवारी ते हजर. थांबा म्हणून कोणी कळवलंच नव्हतं. गीत झालं, प्रार्थना झाली. सूचनांचा कागद हातात घेऊन ते उभे राहिले, आणि आवाज फुटेना. आल्यापासून त्यांना "नवीन साहेब" म्हणणारे योहानकाका उठले, पुढे गेले, त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि कागद स्वतः घेतला. बुधवारची प्रार्थना, महिला मंडळाची बैठक, पिण्याच्या पाण्याची टाकी धुणे, सगळं वाचलं. मग कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. तरी त्यांनी तो वाचल्यासारखं केलं.

"पाळकसाहेबाचे वडील वारले. आज समद्यायनं एक-एक डबा घेऊन त्याईच्या खोलीवर येजा."

अकरा डबे आले. थंडीचे दिवस, बाजारात वांगीच वांगी. अकराही डब्यांत वांग्याची भाजी. काका स्वतः वाढायला बसले होते.

सोमवारी सकाळी माझ्या घराचं दार वाजलं. पास्टर पाटोळे. ओठ सुजलेले, मानेपासून मनगटापर्यंत लाल गांध्या. म्हणाले, "सिस्टर, पित्ताची एखादी गोळी आहे का? आणि कोणाला सांगू नका. मला लहानपणापासून वांगं चालत नाही."

मी गोळी दिली, पाणी दिलं आणि चांगलंच रागावले. कळत होतं तर खाल्लं कशाला? आणि खाल्लं ते किती?

गोळी गिळून त्यांनी पेला खाली ठेवला.

"प्रत्येक डब्यातलं."